अंबडची मुकी मास्तरीण

बारशाला आत्याने नाव ठेवलं वर्षाराणी, आणि तिथेच घोटाळा झाला. एवढं ऐसपैस नाव घेतलेली पोरगी अंगणात पाहुणा दिसला की कणगीमागे जाऊन बसायची. घनसावंगीच्या बाजूला त्यांचं गाव. आजोबांची हयात मेंढरांमागे गेली, वडिलांनी, म्हणजे बिभीषणने, मेंढरं कमी करून ऊस लावला. घरात सगळेच कमी बोलणारे. मेंढरांशी काय बोलणार, नि उसाशी तरी काय? त्यामुळे आपल्यात काही कमी आहे हे वर्षाराणीला शाळेत गेल्यावर कळलं, तेही बाईंनी प्रगतिपुस्तकात 'मुलगी चांगली, पण तोंड उघडत नाही' असं लिहिलं तेव्हा.

तोंड उघडत नव्हतं, पण अंग तिचं भारी बोलकं. धावण्यात पहिली, लांब उडीत पहिली. बक्षीस घ्यायला मात्र मैत्रिणीला पाठवायची. पुढे शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली, संभाजीनगरला ट्रेनरचा कोर्स केला आणि जालन्याच्या एका जिममध्ये नोकरीला लागली.

जिमचा मालक राधेश्याम. ट्रेनर म्हणजे वरातीतला बँडवाला, अशी त्याची पक्की समजूत. "कम ऑन! और एक! लास्ट!" असं तो दिवसभर ओरडायचा, आणि त्याच्या ओरडण्याने लोकांना आपण फार व्यायाम केला असं वाटायचं. वर्षाराणी मोजायची, पण मनातल्या मनात. एकदा बँकेतल्या एक मॅडम बैठका मारता मारता जमिनीवरच बसल्या. धापा टाकत म्हणाल्या, "किती झाल्या?"

"झाल्या की, मघाशीच," वर्षाराणी हळूच म्हणाली.

त्याच संध्याकाळी राधेश्यामने तिला बोलावलं. "मॅडम, तुमाला नॉलेज हाय, बराबर हाय. पन आवाज न्हाई. हितं नॉलेज कोन बघत न्हाई. लोकाला आवाज लागतो."

नोकरी गेली. वर्षाराणीला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर हायसंही वाटलं. बॅग उचलून ती अंबडला मावशीकडे आली.

मावशी म्हणजे उषाबाई. बी-बियाण्यांच्या दुकानाच्या बाजूला तिचं ब्लाऊज शिवायचं दुकान. भाचीच्या वाटणीचंही बोलणं देवाने हिलाच देऊन टाकलं असावं. मापं घेता घेता अर्ध्या अंबडच्या बायकांची कंबर तिला तोंडपाठ झाली होती. दुकानावरचा हॉल रिकामा पडलेला. पूर्वी तिथे कोचिंग क्लास चालायचा, भिंतीवर फळा तसाच होता. मावशीने हॉल झाडून घेतला आणि येईल त्या गिऱ्हाइकाला टेप लावून सांगायला सुरुवात केली, "दिवाळीपासून दोन बोटं वाढली ना तू. ब्लाऊज उसवून देते, पन किती दिस उसवायचं? वर जा. माझी भाची आली जालन्याहून, ती बघंल."

अशी जाहिरात कुणाला टाळता येते? चार-पाच बायका पहिल्याच दिवशी जिना चढल्या.

आणि नेमका वर्षाराणीचा घसा बसला. टॉन्सिल सुजलेले. डॉक्टर म्हणाले, काही दिवस एक शब्द बोलायचा नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुणी तिला तिच्या मनासारखं औषध दिलं होतं.

पहिल्या बॅचमध्ये जयवंताबाई होत्या. नवऱ्याची मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आडत, देह भारदस्त, आणि गल्लीत काय बरोबर काय चूक ते ठरवायचं काम त्यांच्याकडे. त्यांनी विचारलं, "नाव काय म्हनं तुझं?"

वर्षाराणीने गळ्याला हात लावला आणि नाही म्हणून मान हलवली.

"अगं बया!" जयवंताबाईंनी तोंडावर हात ठेवला. "देवानं रूप दिलं, अंग दिलं, नि वाचा तेवढी न्हाई दिली!"

वर्षाराणीने दोन्ही हात हलवून सांगायचा प्रयत्न केला. पण हात हलवल्याने मुकेपण खोटं ठरत नाही, उलट पक्कं होतं. दिवेलागणीपर्यंत सगळ्या गल्लीत झालं: उषाबाईची भाची मुकी हाय, पन पोरगी गुणाची.

आठवड्यात घसा बरा झाला. रात्री जेवताना वर्षाराणी म्हणाली, "मावशी, उद्या सांगून टाकते."

"काय सांगती?"

"की मला बोलता येतं."

मावशीने भाकरीचा तुकडा मोडला, थोडा विचार केला. "आज किती बाया आल्त्या?"

"हॉल भरला होता."

"मंग? चाललं ते चालू दे. तू खोटं बोलून राह्यली का? तू तर बोलूनच न्हाई राह्यली."

या युक्तिवादात काहीतरी खोट आहे हे वर्षाराणीला कळत होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड न उघडता जिना चढताना तिला जे हलकं वाटलं, त्यापुढे ती खोट फार लहान दिसली.

आणि क्लास चालला तो नुसत्या दयेवर नव्हे. वर्षाराणीला माणसांकडे बघायला फार आवडायचं. माणसांनी आपल्याकडे बघितलेलं तेवढं सोसायचं नाही. आता बोलायचं नाही म्हटल्यावर तिला बघायला वेळच वेळ. कोण जिना चढताना डाव्या पायावर भार देते, कुणाचे खांदे सासरच्या काळजीने कानापर्यंत चढलेत, कोण 'दमले' म्हणते तेव्हा खरंच दमलेली असते, हे सगळं ती टिपायची. समोर उभी राहून स्वतः सावकाश करून दाखवायची. चुकलं की जवळ जाऊन दोन खांद्यांच्या मध्ये नुसता तळवा ठेवायची. बाई आपोआप सरळ व्हायची. ज्यांना घरी दारी सगळे काही ना काही सांगतच असतात, त्या बायकांना काही न सांगणारी बाई म्हणजे माहेरच होतं.

शिवाय मुकं माणूस बहिरंही असतं, असा अंबडमध्ये एक समज. निदान ते चुगली तरी करणार नाही, याबद्दल सगळ्यांची खात्री. मग काय! अंग सैल करायच्या वेळी बायका एकेक करून तिच्याजवळ बसू लागल्या आणि मनही सैल करू लागल्या.

शाळेतल्या नंदाबाईंनी सांगितलं की ज्या लोणच्यासाठी त्यांचं गावभर नाव आहे, ते त्या जालन्याहून विकत आणतात आणि घरच्या बरणीत भरतात. जयवंताबाईंची सून शिवकन्या सकाळच्या बॅचला यायची. परीक्षेच्या अभ्यासाला म्हणून ती वाचनालयात जाते, पण तिथे टेबलावर डोकं ठेवून झकास झोपते, कारण घरी दुपारी डोळा लागू देत नाहीत, हे तिने सांगितलं. जयवंताबाई दुपारच्या बॅचला. त्या म्हणाल्या, "पाव्हने आले की माझे गुडघे दुखतेत. एरवी न्हाई दुखत. तुला म्हनून सांगते." आणि मग इकडेतिकडे बघून, "सुनेच्या हातची आमटी माझ्यापेक्षा चांगली होते. पन तिला सांगितलं तर डोक्यावर बसंल."

वर्षाराणी मान डोलवायची. रात्री उशीत तोंड खुपसून हसायची.

मन खायला लागलं ते जयवंताबाईंच्या शुक्रवारांमुळे. त्या शुक्रवारी काही खाईनात. वर्षाराणीने खुणेने विचारलं, तर त्या तिच्या गालावरून हात फिरवत म्हणाल्या, "तुझ्यासाठी धरले गं. टेकडीवरच्या मत्स्योदरी देवीला बोलले, पोरीला वाचा दे, मी खना-नारळानं ओटी भरीन."

त्या दिवशी वर्षाराणीला जेवण गेलं नाही. "मावशी, ती बाई माझ्यासाठी उपाशी राहते!"

"राहू दे. तिला तसंबी कमीच खायला पाहिजे," उषाबाई म्हणाली. पण तिचाही आवाज जरा खाली आला होता.

सोमवारी सांगायचं, असं वर्षाराणीने पक्कं ठरवलं. पण सोमवारी सांगायची वेळ आली नाही. झालं ते असं. दुपारची बॅच लाकडी स्टुलावर पाय चढवून उतरवायचा व्यायाम करत होती. जयवंताबाई नेहमीसारख्या मान मागे वळवून नंदाबाईंना कुणाच्या तरी मोडलेल्या सोयरिकीची हकीकत सांगत होत्या. हकीकत ऐन रंगात, आणि पाय पडला स्टुलाच्या अगदी कडेवर. स्टूल कलंडायला लागलं. वर्षाराणी हॉलच्या दुसऱ्या टोकाला. तळवा पोचणार कसा?

"काकूऽऽ! पाय मागं घ्याऽऽ!"

माळावरच्या कळपाला पलीकडून हाक घालणाऱ्यांच्या घरातला आवाज तो. खालच्या दुकानात उषाबाईची सुई मोडली. जयवंताबाईंनी झटकन पाय मागे घेतला, स्टूल धाडकन पडलं, त्या मात्र दोन्ही पायांवर भक्कम उभ्या राहिल्या.

स्पीकरवरचं गाणं तेवढं चाललेलं.

मग जयवंताबाईंनी दोन्ही हात वर केले. "आई मत्स्योदरीऽ! पावलीस गं माय!"

कुणी वर्षाराणीला मिठी मारली, कुणी रडायला लागलं, कुणी तिच्या कपाळावर मळवट भरला. ती "अहो, ऐका ना" म्हणाली, तर "ऐका! ऐका म्हनली!" म्हणून आणखी गलका झाला. तासाभरात सगळा क्लास टेकडीवरच्या देवीकडे निघाला. पायऱ्या सुरू झाल्या आणि वर्षाराणीचं लक्ष गेलं. मागच्या नवरात्रात जयवंताबाई तीनदा टेकल्या होत्या, हे त्यांनीच तिला सांगितलं होतं. आज ओटीचं ताट हातात घेऊन, अखंड बोलत, त्या एका दमात वर गेल्या. त्यांच्या मागे नंदाबाई, त्यांच्या मागे बाकीच्या. कुणाला धाप नाही, कुणाचं गुडघ्यावर हात ठेवणं नाही. चमत्कार तिथे घडत होता, पण त्याकडे बघणारी एकटी वर्षाराणीच होती. तिचे डोळे भरून आले. बायकांना वाटलं, देवीमुळे.

ओटी भरून झाल्यावर तिने जयवंताबाईंना कठड्याशी गाठलं. "काकू, खरं सांगू का? मला पहिल्यापासून बोलता येतं. तेव्हा घसा बसला होता, नि मग सांगायचं राहूनच गेलं. चुकलं माझं."

जयवंताबाईंनी रिकामं ताट कठड्यावर टेकवलं. खाली गाव दिसत होतं. त्याकडे बघत म्हणाल्या, "हे आनिक कोनाला सांगितलं?"

"नाही."

"मंग बिलकुल सांगू नको. समद्या गल्लीला फोन करून बसले मी. आता नवस खोटा म्हनलं तर माझं तोंड कुठं दाखवू?" त्या दोन पावलं गेल्या, थबकल्या आणि परत आल्या. चेहरा जरा उतरला होता. "म्हंजी... मी जे जे बोलले ते समदं तुला ऐकू आलं?"

"ऐकू तर पहिल्यापासूनच येत होतं की, काकू. मुकी म्हणाला होतात, बहिरी नाही."

"गुडघ्याचं?"

वर्षाराणीने मान डोलवली.

"आमटीचं?"

पुन्हा मान.

हाच विचार त्या रात्री अंबडच्या बऱ्याच घरांत एकाच वेळी पोचला असावा. आनंद ओसरला आणि एकेकीला उमगलं: पोरगी बोलायला लागली, म्हणजे आता सांगणार! सकाळी क्लासच्या आधी जिन्यात रांग. नंदाबाई लोणच्याची बरणी घेऊन आल्या. "हे तुला. अन् हे बघ, वाचा नवी हाय. जपून वापर. एकदम लई बोलू नये, ताण येतो." शिवकन्या म्हणाली, "ताई, डॉक्टर पण हेच म्हणतात. आराम द्यायचा गळ्याला." कोण ज्येष्ठमध घेऊन आलं, कोण खडीसाखर. सगळ्यांचं म्हणणं एकच: तू बोलूच नको, तू फक्त शिकव.

वर्षाराणी गंभीरपणे हो म्हणाली. मानेनेच.

एक गोष्ट तेवढी तिने फोडली. शिवकन्येच्या खांद्यावर तळवा ठेवून हळूच म्हणाली, "सासूबाईंना तुमची आमटी फार आवडते." शिवकन्या दिवसभर हवेत. त्या घरात पुढे काय झालं कोण जाणे, पण तिचं वाचनालय सुटलं. दुपारी घरीच झोपते म्हणे, दार लावून.

क्लासला तिसरी बॅच सुरू झाली. मार्चमध्ये मंगल कार्यालयात महिला दिनाचा कार्यक्रम झाला. सत्कार झाला, शाल-श्रीफळ झालं, आणि निवेदिका म्हणाली, "आता वर्षाराणीताईंनी आपलं मनोगत, दोन शब्दांत का होईना, मांडावं."

समोर गच्च भरलेलं सभागृह.

"नको, नको!" पहिल्या रांगेतून नंदाबाई उठल्या. "त्यांच्या गळ्याला ताण चालत न्हाई!" मागून शिवकन्या, बाजूने जयवंताबाई, सगळ्या जणी मध्ये पडल्या. बिचाऱ्या निवेदिकेला कळेना की सत्कारमूर्तीच्या मैत्रिणी तिच्या भाषणाला एवढ्या का घाबरल्यात.

वर्षाराणीने हात वर करून सगळ्यांना शांत केलं. माइकपाशी गेली. सगळ्यांवरून नजर फिरवली. बायका मनाशी मोजायला लागल्या. लोणचं, झोप, गुडघे, काय येतंय आता?

"पाठ ताठ," ती म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली.

मागितले तेवढेच शब्द. सबंध सभागृह एका झटक्यात सरळ झालं. क्लासच्या बायका तर झाल्याच, त्यांचं बघून बाकीच्याही झाल्या, व्यासपीठावरचे पाहुणेही झाले. अध्यक्षांच्या कोटाचं एक बटण तेवढं उडालं, ते उषाबाईने शोधून काढलं आणि लावता लावता त्यांच्या कमरेचं मापही घेऊन टाकलं.