बियाण्याची भाकरी

घरात बाजरी आली की मी अजूनही मूठभर उचलून आधी तिचा वास घेते. सुना एकमेकींकडे बघून हसतात. हसू देत. बाजरीला राखेचा आणि कडुनिंबाचा वास येत असेल तर ती दळायची नसते, एवढं शहाणपण मला विसाव्या वर्षी आलं, आणि ते दुसऱ्याच्या जिवावर आलं.

तेव्हा मी बेल्ह्याजवळच्या एका वाडीवर मिशनची शाळा चालवत होते. शाळा म्हणजे शेणानं सारवलेली एक खोली, पुढं ओसरी आणि मागं माझी चूल. मी वाढले जुन्नरच्या पेठेत. धान्य पाहिलं ते दुकानातल्या पोत्यात, आणि शेत पाहिलं ते बैलगाडीत बसून. पण पवित्र शास्त्र मला तोंडपाठ होतं, आणि तेवढ्यावर जग चालतं अशी माझी पक्की समजूत होती. त्या वयात माझ्याइतकं शहाणं कुणी नव्हतं.

पंधरा-सोळा मुलं यायची. पुढच्या रांगेत नऊ-दहा वर्षांची एक मुलगी बसायची. तिचा बाप दुष्काळानंतरच्या पटकीच्या साथीत गेला होता आणि आई दोन एकर जिराईत एकटी कसत होती. पोर फार बोलायची नाही. पण मी गोष्ट सांगू लागले की तिचे ओठ माझ्या ओठांबरोबर हलायचे. असं एक मूल वर्गात असलं की शिकवणारीला चढतं, आणि मला तर लवकर चढायचं.

माझा शिधा दर महिन्याला जुन्नरहून गाडीनं यायचा. त्या ज्येष्ठात गाडीवान आजारी पडला आणि गाडी आलीच नाही. दोन दिवस मी कण्या शिजवून काढले, तिसऱ्या दिवशी त्याही संपल्या. वाडीत कुणाकडे मागितलं असतं तर कुणी नाही म्हटलं नसतं. पण देवावर भरवसा ठेवा म्हणून रोज घसा कोरडा करणारी मी, मी दारोदार पदर पसरायचा? माझ्या ताठ्याला ते मानवणारं नव्हतं.

त्या दिवशी मी मुलांना सारफथच्या विधवेची गोष्ट सांगितली. खरं सांगायचं तर ती माझ्या पोटानंच निवडली होती. दुष्काळ पडलेला, विधवेच्या मडक्यात मूठभर पीठ आणि कुपीत थेंबभर तेल. तेवढ्याची भाकर करून लेकराबरोबर खायची आणि मग मरणाची वाट बघायची, असं ती ठरवते. तेवढ्यात देवाचा माणूस दारात येतो आणि म्हणतो, आधी मला एक लहानशी भाकर करून दे, मग तुमच्यासाठी कर. ती भरवसा ठेवते आणि देते. आणि मग मडक्यातलं पीठ काही सरत नाही. हे सांगताना माझा आवाज भरून आला. भुकेनं आला असावा, पण मुलांना ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मुलगी परकराच्या ओच्यात बाजरी घेऊन आली. बाईंची चूल पेटलेली नाही हे वाडीला कळायला धूर न दिसणं पुरे होतं. आईनं दिली का, असं मी विचारलं. तिनं मान हलवली. ती होकाराची की नुसतीच, हे मी नीट पाहिलं नाही. दाण्याला राख लागलेली होती, मधून कडुनिंबाची वाळकी पानं निघत होती. गरिबाघरचं धान्य, चुलीपाशी सांडलं असेल, असं मला वाटलं. मी ते तीन पाण्यांनी धुतलं, वाळवलं आणि जात्यावर बसले.

ती रोज येऊ लागली. रोज तेवढीच ओंजळ-दोन ओंजळ. आठ-नऊ दिवस मी गरम भाकरी खाल्ली आणि प्रार्थनेत रडले. देवानं त्याच्या संदेष्ट्याला कावळ्यांकरवी जेवू घातलं, तसं तो मला या लेकराच्या हातून घालतो आहे, असं मी जुन्नरच्या मिशनमधल्या थोरल्या मडमसाहेबांना चार पानी पत्रात कळवलंसुद्धा. त्या पत्राची आठवण झाली की आजही कान गरम होतात.

मग पाऊस झाला. जमिनीला वापसा आला, वाडीत पेरणीच्या पाभरी बाहेर निघाल्या. त्या सकाळी मुलीची आई कमरेवर मडकं घेऊन शाळेत आली. मागं मुलगी. आईनं मडकं ओसरीवर ठेवलं. तोंडाशी शेणामातीचा लेप होता, जुना फोडून नव्यानं लिंपलेला आणि पुन्हा फोडलेला. आत राख होती, थोडा पाला होता आणि तळाला मूठभर बाजरी.

"बाई, ही म्हन्ती तुमी खाल्ली," आई म्हणाली. "खरं हाय का?"

मी हो म्हटलं, आणि तरीही मला काही उमगलं नव्हतं. मग तिनंच मला समजावलं, एखाद्या लहान मुलाला समजवावं तसं. निवडक कणसांचं बी झोडून, राखेत घोळून, कीड लागू नये म्हणून पाला घालून मडक्यात लिंपून ठेवतात. घरात उपास पडला तरी त्याला हात लावत नाहीत. दुष्काळात तिच्या नवऱ्यानंही लावला नव्हता. माणसं पाला खाऊन राहिली, पण मडकं राहिलं. ते त्यांच्या दोन एकरांचं बी होतं. आठवड्याभरात पेरलं नाही तर वर्ष हातचं गेलं.

ते बी मी धुऊन, दळून, मिटक्या मारत खाल्लं होतं.

मुलगी इतका वेळ खाली बघत होती. ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाई, म्या रोज लेप काढून बगत व्हते. रोज कमीच व्हत व्हतं. माजाच इस्वास कमी पडला."

माझ्या आयुष्यात मला पुष्कळांनी पुष्कळ बोल लावले. पण त्या पोरीनं स्वतःला लावलेला तो बोल मला जितका लागला तितका एकही लागला नाही. मी तिला जवळ ओढलं आणि म्हटलं, तुझा विश्वास पुरता होता गं, अक्कल माझी कमी पडली. तिला ते पटलेलं दिसलं नाही. बाई कशा चुकतील?

तिच्या आईनं एवढंच म्हटलं, "तुमच्या गोष्टीतल्या बाईनं पीठ दिलं व्हतं. बी कुनी देतं का?" आणि मुलीचा हात धरून ती निघाली. मुलगी उद्यापासून शाळेत येणार नाही, हेही जाता जाता सांगितलं. तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

मी तशीच उठून बेल्ह्याला गेले, मारवाडी शेठच्या दुकानात. बाजरी विकत घेऊन द्यावी, एवढंच डोक्यात होतं. शेठनं सगळं ऐकून घेतलं आणि द्यायला साफ नकार दिला. ही खायची बाजरी आहे, दहा गावची, किती जुनी ते मलाही ठाऊक नाही. उगवली नाही तर त्या बाईचं वर्ष माझ्या माथी, असं ते म्हणाले. बी विकत आणायचं नसतं, ते मागून आणायचं असतं, आणि ज्याच्याकडून गेलं त्यानंच तेच मडकं घेऊन मागायचं, ही इथली रीत त्यांनीच मला सांगितली. मारवाडातून आलेल्या माणसाला ती माहीत होती. जुन्नरात जन्मलेल्या मला नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी मडकं घेऊन निघाले. आई माझ्यावर नजर ठेवायला आली की सोबतीला, ते मी विचारलं नाही. मुलगी दोघींच्या मागं. प्रत्येक दारी मी पायरीखाली उभी राहायची, आमच्यासारख्या ख्रिस्ती झालेल्यांना वर बोलावत नसत, आणि म्हणायची, हिचं बी मी खाल्लं, मूठभर द्या. दहा-बारा दारं झाल्यावर ते वाक्य सरळ तोंडातून येऊ लागलं. एका म्हाताऱ्यानं पाभर दुरुस्त करता करता विचारलं, "बाई, तुमच्या शाळंत बी आन् दाना वळखायला शिकवत न्हाईत व्हय?" शिकवत नाहीत, असं मी म्हटलं. तो हसला नाही. उठून आत गेला आणि एका मुठीच्या जागी दोन आणून टाकल्या. राजुरीच्या वाटेवरच्या वस्त्यांपर्यंत आम्ही गेलो. कुणी टोमणा मारला, कुणी तोंड वाकडं केलं, पण रिकामं कुणीच पाठवलं नाही.

संध्याकाळी मडकं पाऊण भरलं होतं. बघ, देवानं भरलं, असं म्हणायला माझी जीभ शिवशिवत होती. पण पायांना फोड आले होते आणि मुलगी मडक्यात टक लावून बघत होती, म्हणून मी गप्प बसले. घरी येऊन मडमसाहेबांना दुसरं पत्र लिहिलं. ते अर्ध्या पानाचं होतं.

पेरणी चार दिवस उशिरा झाली. मुलगी काही शाळेत आली नाही. पुढच्या रांगेतली तिची जागा मी कुणाला दिली नाही. रस्त्यानं जाताना त्या दोन एकरांकडे बघायचं धाडस व्हायचं नाही, आणि बघितल्याशिवाय राहवायचंही नाही. वेगवेगळ्या घरांचं बी होतं, त्यामुळे बाजरीची ताटं उंच-बुटकी आली होती. पण आली होती.

दिवाळीच्या सुमारास एका सकाळी मायलेकी ओसरीवर आल्या. आईच्या हातात फडक्यानं बांधलेली पाटी होती.

"बी येगळं ठिवलंय," ती म्हणाली. "ह्ये पीठ हाय. ह्ये खावा."

मी पाटी घेतली आणि चुलीपाशी नेऊन ठेवली. तोवर मुलगी आत जाऊन आपल्या जागेवर बसली होती, काल उठून गेल्यासारखी. मग मी डोळे पुसले आणि तिला विचारलं, आज कोणती गोष्ट सांगू? ती म्हणाली, तीच.

मी भीत भीत सुरुवात केली. तिचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. विधवेच्या मडक्यात तळाला मूठभर पीठ होतं, इथवर मी आले, तशी ती मागच्या मुलांकडे वळली आणि त्यांना बजावून म्हणाली, "पीठ. बी न्हाई."

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "हां, आता सांगा."