आठ पावलं

गडमुडशिंगीच्या शिवारात मल्लाप्पाचं सपाट शेत होतं, हे आता सांगून कुणाला पटत नाही. तिथं दोन पुरुष खोल खड्डा आहे आणि मधोमध एक टेकडी. म्हणायला टेकडी, खरं तर ती शेताची मूळची जमीन. भोवतालची माती वीटभट्ट्यांनी नेली, तेवढी उरली.

एकाहत्तर साली शेत मातीसाठी दिलं, तेव्हा कागद मीच लिहिला. गावचा मास्तर ना मी, शहाणा माणूस! मल्लाप्पाच्या बायकोला, गंगव्वाला, लिंगायतांच्या रीतीप्रमाणे त्याच शेतात बसवून माती दिलेली. तिला धक्का लावायचा नाही, एवढीच त्याची अट. समाधीभोवती पावलं टाकत त्यानं पांढऱ्या फक्कीची रेघ ओढली, मी कागदावर ‘आठ पावलांचा घेर’ लिहिलं आणि आम्ही चहा प्यायला गेलो.

चार वर्षांत खड्डा झाला आणि मल्लाप्पाचा पाय घरात ठरेना. जेवता जेवता उठून टेकडीकडं जायचा. कड ढासळली की ढेकळं घमेल्यानं वर न्यायचा. सून शांतादेवी वैतागली. मीही एकदा चिडून म्हणालो, की ती जिवंत असताना तिला पाण्याचा तांब्या तरी कधी दिलास का? तो घमेलं उचलून चालू लागला.

पुढं माझ्या ध्यानात आलं, की माती तो समाधीवर टाकतच नव्हता. एका अंगाला टाकून, पाणी मारून, चोपून टेकडी रुंद करत होता. कशासाठी म्हणून विचारलं.

"मास्तर, आठ पावलांत तिचंच भागलं की. मी कुठं बसू?"

हाही कधीतरी मरणार, हे कागद करताना आम्हा दोघांनाही सुचलं नव्हतं. गावात समाजाची माती द्यायची जागा होती, पण तिथं जायचं त्यानं साफ नाकारलं.

एकोणऐंशीला तो गेला. टेकडीवर खणायला घेतलं, तर पहिल्याच घावाला त्याची सगळी भर खड्ड्यात कोसळली. कुणाला काही सुचेना. शेवटी शांतादेवी म्हणाली, "मामास्नी खालीच बसवा. अत्तीकडं तोंड करून."

सासूच्या समाधीकडं तोंड करून त्याला तसंच बसवलं. माती द्यायला मी खड्ड्यात उतरलो. तिथून मान वर केल्याशिवाय गंगव्वाची समाधी दिसत नाही. सोळा पावलं लिहायला मला शाईसुद्धा जास्त लागली नसती.