मधलं बोट त्यांचं

माझ्या नवऱ्याचं स्वतःचं असं मत मी लग्नानंतर कधी ऐकलंच नव्हतं. माणूस सैन्यात. वर्षातून एकदा सुट्टीवर यायचा, उरलेलं वर्ष फोनवर काढायचा. काहीही विचारा, उत्तर ठरलेलं: "तुले पटते थे कर." फ्रिज लाल घ्यायचा की करडा? तुले पटते थे. मुलीला मराठी शाळेत घालू की इंग्रजी? तुले पटते थे. बारशाला व्हिडिओ कॉल लावला होता. नणंदा पाळण्याभोवती जमून विचारत होत्या, नाव काय ठेवायचं दादा? हे पडद्यावरून म्हणाले, "तिले आवडीन थे ठेवा." मुलीला आवडीनिवडी फुटायला अजून अवकाश होता, म्हणजे 'तिले' हे मलाच उद्देशून होतं.

दर्यापूरला घर बांधलं तेव्हा तर कहर झाला. वास्तुपूजेला सुट्टी मंजूर झाली नाही. गुरुजींनी माझ्या शेजारच्या पाटावर यांचं उपरणं घडी घालून ठेवायला लावलं, वर एक सुपारी ठेवली, आणि पूजा सुरू केली. "यजमानांनी हात जोडावेत," असं ते उपरण्याकडे बघून म्हणायचे आणि मी हात जोडायची. पंगतीला कुणीतरी भक्तिभावानं उपरण्यापुढेही ताट वाढलं, भजी गरम आहेत तोवर घ्या म्हणाले. मी सगळ्यांबरोबर खूप हसले आणि मग मोरीत जाऊन नळ सोडून रडले.

म्हणून विधानसभेची निवडणूक लागली आणि यांनी फोनवर "माझं मत तूच देऊन टाक" असं सांगितलं, तेव्हा मला यांचं नवल वाटलं नाही. नवल वाटलं सरकारचं. फौजेतली माणसं पोस्टानं मत पाठवतात एवढं मला ठाऊक होतं. पण फौजी माणूस आपल्या गावात स्वतःच्या जागी एक माणूस नेमू शकतो आणि त्या माणसानं केंद्रावर जाऊन फौजीच्या नावानं बटण दाबायचं, हे मला नवीन होतं. इतकी वर्षं मी हे काम फुकट करत आले, आता त्याला सरकारी शिक्का मिळणार होता.

यांनी तिकडे साहेबांसमोर सही केली, मी इकडे नोटरीसमोर. नोटरीनं चष्म्यावरून पाहिलं.

"मिस्टर हयात हायेत?"

"हायेत."

"मंग थे सोता काहून नाई देत?"

"थे सीमेवर हायेत."

"बरं बरं," तो शिक्का शोधत म्हणाला. "बाकी हयात नवऱ्याचं काम बायकोनं करायले आपल्याकडे कागद लागत नाई, म्हून विचारलं."

घरी सासरे रुसून बसले. आम्ही त्यांना मामाजी म्हणतो. "मी जिता असतानी माह्या पोराचं मत सून देईन? म्हंजे या घरात हिचे दोन आन् माहं एक?" असं म्हणून त्यांनी पेपर तोंडासमोर धरला आणि पुढे कित्येक दिवस माझ्याशी पेपरच्या आडूनच बोलले. चहासुद्धा पेपरच्या खालून हात काढून घ्यायचे.

आता खरी गोष्ट. आमच्याकडे उभे होते पुष्कळजण, पण लढत दोघांतच होती. एकानं अकोल्याच्या रस्त्याचं वचन दिलं होतं, दुसऱ्यानं गोड्या पाण्याचं. आमचा सगळा भाग खारपाणपट्टा. बोअरचं पाणी इतकं खारं की डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि नवा पाहुणा चहाचा पहिला घोट घेऊन कपाकडे बघत राहतो. नळाला येणारं पाणी कधी येतं, कधी येत नाही. माझं मत पाण्याला, हे साऱ्या आळीला माहीत होतं. प्रश्न यांच्या मताचा होता.

"सांगा, कोणाले देऊ?" मी फोनवर विचारलं.

"तुले पटते त्याले दे."

"मले पटते त्याले मी माहं देईनच नं! हे तुमचं हाय. तुमचं सांगा."

"अवं, त्यात काय एवढं? तू करशीन थे चांगलंच करशीन."

मी फोन जवळजवळ भिंतीवर आपटला. लोकांना वाटतं असा नवरा मिळायला भाग्य लागतं. लागत असेल. पण रोज उठून दोन माणसांचा विचार एकटीनं करायचा म्हणजे काय, हे ज्याला उपरण्याशेजारी बसावं लागतं त्यालाच कळतं. मला यांच्याकडून एक, फक्त एक गोष्ट ऐकायची होती: 'मला हे पाहिजे.' मी ठरवलं, या निवडणुकीत ते वदवून घ्यायचंच.

तोवर गावात बातमी फुटली की अमुक गल्लीत एका बाईकडे दोन मतं आहेत. रस्तेवाले उमेदवार स्वतः दारात आले. त्यांनी मला वाकून नमस्कार केला, मग जरा बाजूला सरकले आणि माझ्या डाव्या खांद्याच्या पलीकडे, जिथं कुणीच नव्हतं तिथं, आणखी एक नमस्कार केला. "हा साहेबाले," म्हणाले. पत्रकंही दोन दिली. दुसऱ्या दिवशी पाणीवाले आले. त्यांना आदल्या दिवशीचं कळलं असावं, कारण त्यांनी माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेला हारच घालायला काढला. हार घालायला गळा सापडेना, तेव्हा त्यांनी भिंतीवरच्या यांच्या वर्दीतल्या फोटोकडे मोर्चा वळवला. मी किंचाळले. जित्या माणसाच्या फोटोला हार घालतात का, बाप्पा!

यांच्या मनात काय असेल, यावर आमच्या ओसरीत रोज बैठक बसू लागली. मामाजींनी रुसवा सोडला, कारण आता त्यांच्या साक्षीला भाव आला होता. ते म्हणाले, पोरगा लहानपणी अकोल्याच्या रस्त्यावर सायकलवरून पडला होता, हनुवटीला अजून खूण आहे, म्हणजे तो रस्त्यालाच देणार. यांचा एक वर्गमित्र पाणीवाल्यांचा कार्यकर्ता होता. तो म्हणाला, "काका, काईच्या काई! आमी दोघं शाळा बुडवून पोहाले जात होतो. त्याले पाण्याची लई ओढ." मामाजींना पोरगा शाळा बुडवायचा हे तेव्हाच कळलं आणि त्या दिवशीची बैठक तिथंच मोडली. एवढ्या लोकांना यांचं मन माहीत होतं. मी एकटी बायको असून अडाणी ठरले.

मी मात्र रोज फोनवर विचारत होते. हे डोंगरावर होते. रेंज मिळायची त्या एका जागी जवान पाळीपाळीनं बोलायला जायचे. मी विचारलं की हे म्हणायचे, मागं लोकं थांबले हायेत, ठेवतो. अकोल्याच्या जठारपेठेतून माझी आईसुद्धा मला रागावली, जावयाले थंडीत कायले सतावून राहिली म्हणून. तिला कसं सांगू, सतावण्याइतका तरी तो माणूस माझ्या हाताला लागू दे.

मतदानाचा दिवस आला. आदल्या दिवशीही उत्तर तेच होतं. मी आधी माझं मत दिलं, पाण्याला. तर्जनीला शाई लागली. मग परत आत गेले, तशी एक पोलिंग एजंट ओरडली, "ओ सर, यायनं आत्ताच देलं नं!" मागची रांगही कुजबुजायला लागली. केंद्राध्यक्षांनी शांतपणे पुस्तक उघडलं, माझा कागद पाहिला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बरोबर आहे. ह्या आता ह्या नाहीत, ह्यांचे मिस्टर आहेत." आणि माझ्या डाव्या हाताचं मधलं बोट धरून त्यावर शाई लावली. "हे बोट साहेबांचं," म्हणाले.

यंत्रासमोर उभी राहिले. पाण्याचं बटण दाबणार, तेवढ्यात माझं डोकं फिरलं. मी हे दाबलं तर ते 'तुले पटते थे'च झालं की! फ्रिज मला पटला तो, शाळा मला पटली ती, आता यांचं मतही मला पटलं ते. मग दोन बोटं कशाला काळी केली? मी रागारागानं रस्त्याचं बटण दाबलं. म्हटलं, आमच्या संसारात एकदा तरी मतभेद होऊ दे.

बाहेर आल्यावर लक्षात आलं, माझ्या एका बोटानं दुसऱ्याचं मत खाल्लं. घरी बसून पापड लाटले असते तरी निकाल तोच लागला असता.

संध्याकाळी फोन आला.

"झालं मतदान?"

"झालं. माहं पाण्याले, तुमचं रस्त्याले."

मी हे मुद्दाम ठासून सांगितलं.

"काय?" हे म्हणाले.

"रस्त्याले देलं तुमचं."

"कोणं सांगतलं तुले रस्त्याले द्याले?" हा आवाज मी ओळखतच नव्हते. "त्या रस्त्यानं मी वर्षातून एकदा येतो! खात येईन खड्डे! तू रोज थे खारं पाणी पेऊन राहिली, बाबाले मुतखडा झाला, पोरगी पाण्याचं गिलास पायलं की तोंड फिरवते, आन् माहं मत रस्त्याले? इथं बर्फ वितळवून पेतो मी, तरी दर घोटाले तुमचं थे पाणी आठवते! मले पाणी पायजे होतं!"

"मंग सांगतलं काहून नाई?" मीही ओरडले. "रोज विचारलं तुमाले!"

"सांगाचं काय त्यात? तुले मायीत नाई मले काय पायजे थे?"

"नाई! नाई मायीत! कधी सांगतलं?"

मामाजी पेपर खाली ठेवून उभे राहिले. मुलगी अभ्यास सोडून दारात आली. तिनं आपल्या बापाचा चढलेला आवाज जन्मात पहिल्यांदा ऐकला होता. आणि फोन कट झाला.

मी जमिनीवर बसले. डोळ्यांना धारा लागल्या होत्या आणि मला इतका आनंद झाला होता की तो दाखवायला तोंड नव्हतं. फोन एकदा तुटला की हे परत लावत नाहीत, मागं रांग असते. त्या दिवशी लावला. दुसऱ्यांदा तुटला, तरी लावला. मागच्या जवानांना यांनी काय सांगितलं असेल कोण जाणे.

तिसऱ्यांदा रिंग वाजली तेव्हा मी डोळे पुसले, पदर खोचला आणि भिंतीला टेकून नीट बसले.

"हां, बोला," म्हटलं. "आणखी काय काय पायजे तुमाले?"