मधला ठिपका

तांब्याच्या पत्र्यावर श्रीयंत्र कोरणारा तो म्हातारा मला जळगावात एकदाच भेटला. धुळ्याला मुलगी बाळंत होत होती. तिच्याजवळ थांबलेल्या माझ्या बायकोनं यंत्र आणायला मला पिटाळलं होतं. भूमितीत नापास झालेला मी त्रिकोण मोजत बसलो. सगळ्या रेघा कोरून झाल्या, पण मधला ठिपका तो मारीना.

“आबा, माझी बस आहे.”

“याच ठिपकामाईन बठ्ठं जग निंघस, भाऊ. तठे आजून श्वास नही.”

‘तठे’ म्हणजे तिथे, ठिपक्यात, असं मी धरलं; मुलीबद्दल मी त्याला अवाक्षरही सांगितलं नव्हतं. त्यानं डोळे मिटले आणि हातोडीचा एकच ठोका मारला.

तेवढ्यात बायकोचा फोन आला. “मुलगी झाली हो. निपचित होती, आत्ता रडली.”

मी वर पाहिलं. म्हाताऱ्याला धाप लागली होती.