लंबा दाहिने, छोटा बाएँ

पेन्शन सुरू झाल्यावर माझं पोस्टिंग कोथरूडला झालं. एका इंग्रजी शाळेत ड्रिल शिकवायचं. मी इन्फंट्रीतला रिटायर्ड हवालदार. घरी बसून बायकोच्या कामात लुडबुड करण्यापेक्षा हे बरं होतं.

सकाळी सातला फॉल इन. पहिल्याच दिवशी एक गोष्ट खटकली. चार तुकड्या स्टेजसमोर आणि 'ई' तुकडी बाजूला, पाण्याच्या टाकीपाशी. ई म्हणजे आरटीईच्या राखीव जागांवर आलेली, फी न भरणारी मुलं. बहुतेक जवळच्या वस्तीतली, बौद्ध आणि मातंग घरांतली. त्यांचा वर्ग वेगळा, डब्याची सुट्टीही वेगळी. विचारलं की एकच उत्तर, "त्यांना इंग्रजी झेपत नाही, सर."

सव्वीस जानेवारीच्या संचलनासाठी मी सातवीच्या सगळ्या तुकड्या एकत्र घेतल्या आणि फौजेतली ऑर्डर दिली, "लंबा दाहिने, छोटा बाएँ, एक लाइन में खड़े हो." उंच उजवीकडे, बुटका डावीकडे. ही ऑर्डर जात विचारत नाही, फी तर नाहीच नाही. सगळ्यात उंच निघाली ई तुकडीची प्रज्ञा. तिची आई चार घरी पोळ्या करते. नियमाने प्रज्ञा राइट मार्कर झाली, म्हणजे सगळी ओळ तिच्याकडे बघून सरळ होणार. पोरगी महिनाभर सगळ्यांच्या आधी ग्राउंडवर हजर.

आदल्या दिवशी मुख्याध्यापिकांनी बोलावलं.

"पालकांचे फोन येताहेत. उद्या ई तुकडी टाकीपाशीच उभी राहील."

"मॅडम, लाइन उंचीप्रमाणे लावली आहे."

"आपण ड्रिल शिकवा. समाजशास्त्राला वेगळ्या बाई आहेत."

"येस मॅडम," म्हणालो. नोकरीभराची सवय. पण घरी येरझाऱ्या घालत राहिलो. बसलो की उठावंसं वाटायचं. बायको म्हणाली, "अहो, फरशी झिजेल आता."

सकाळी पाहुणे खुर्च्यांवर बसले. प्रज्ञा समोर आली. "सर, मी कुठे उभी राहू?"

मॅडम बघत होत्या. टाकीकडे बोट दाखवायला माझा हात उचलेना. मी ऑर्डर दिली. मुलं धावली, लाइन लागली. "दाहिने सज." सगळ्यांच्या माना प्रज्ञाकडे वळल्या. मला रडू येईल असं वाटलं.

नंतर शहिदांबद्दल बोलायला मला माइक दिला. मी लान्स नायक शंकरबद्दल बोललो. लोणी काळभोरच्या पलीकडच्या गावचा. आम्ही एका मगातून चहा प्यायचो. शेलिंगमध्ये टेलिफोनची तार तुटली, ती जोडायला तो बंकरबाहेर गेला. फोनवर आवाज आला, "लाइन ओके, साब." पुढचा गोळा तिथेच पडला. असा माणूस लहानपणी शाळेत वर्गाबाहेर, चपलांपाशी बसून शिकला, हेही मी सांगितलं. टाळ्या थोड्या पडल्या.

सोमवारपासून येऊ नका, असा निरोप आला. ई तुकडी परत टाकीपाशी गेली म्हणतात. तेव्हापासून मला चैन नाही.

शंकरच्या गावच्या शाळेला आता त्याचं नाव आहे. फोटोला हार घालायला दरवर्षी त्याच्या आईला बोलावतात. म्हातारी चपला काढते आणि कोणीतरी "आत या" म्हणेपर्यंत दाराबाहेर उभी राहते.