कोलूपुढला समुद्र

आमच्या गल्लीतले ते इंजिनियर लाटांचा अभ्यास करत. बोलताना हवेत बोटांनी लाटा काढत आणि दर वाक्याला "समजलं की?" विचारत. नवरात्रात तंजावरात घरोघरी पायऱ्यांवर बाहुल्या मांडून कोलू करतात. त्यांच्या कोलूपुढे परातीत समुद्र असे. वाळूचा किनारा, खड्यांची भिंत, भिंतीच्या दोन्ही अंगांना कोळ्यांच्या मातीच्या झोपड्या. प्रसादाची सुंडल, म्हणजे हरभऱ्याची उसळ, घ्यायला आलेल्या प्रत्येकीला ते ती भिंत समजावत.

मग खऱ्या किनाऱ्यावर त्यांच्या आराखड्याची भिंत झाली. तिच्या आडचं गाव वाचलं. पण भिंतीच्या दुसऱ्या अंगाच्या कोळीवाड्याची वाळू लाटांनी ओढून नेली, मागोमाग घरंही.

त्या नवरात्रात ते कोपऱ्यात उभे होते, कुणाला भिंत समजावत नव्हते. त्यांना बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, "अण्णा, भिंत मजबूत हो तुमची. एक दगड हलला नाही म्हणतात."

"नाही हलला." त्यांची बोटंही हलली नाहीत. मग वाकून त्यांनी परातीतल्या भिंतीच्या त्या दुसऱ्या अंगाच्या झोपड्या एकेक उचलल्या.

"अहो, मांडलेला कोलू दसऱ्याआधी हलवू नये!" त्यांची बायको ओरडली.

ते ओंजळ धरून उभेच राहिले. झोपड्या ठेवायला त्यांना कुठे जागाच दिसेना.