बाबांची चाल सुधारताना

आमच्या घरात तंत्रज्ञानातलं सगळं फक्त मला कळतं. (असं मीच ठरवलेलं आहे.) म्हणून मीरा रोडच्या आमच्या वन बीएचकेमध्ये मी प्रोजेक्टर आणला आणि आईबाबांच्या लग्नाच्या वाढदिवशी त्यांच्या लग्नाची फिल्म भिंतीवर दाखवायचं जाहीर केलं.

बाबा जाऊन वर्ष झालं होतं. त्याआधी दोन वर्षं ते अंथरुणालाच खिळलेले. आई एकदा म्हणाली, "चेहरा आठवतो गं, पण ते चालायचे कसे, तेच आठवेनासं झालंय." ते ऐकल्यापासून मला चैन नव्हतं. मामाने तेव्हा हौसेने सिने-कॅमेऱ्यावर लग्न टिपलं होतं; ती फिल्म शोधून मी पेनड्राइव्हवर करून घेतली.

संध्याकाळी पडदे ओढले. शेजारचे हसमुखभाई स्वतःची खुर्ची घेऊन हजर झाले. माझा नवरा नितीन चिवड्याचा डबा घेऊन बसला. फिल्म सुरू झाली आणि बँडवाले, करवल्या, मुंडावळ्या बांधलेले बाबा, सगळेच झटके देत चालू लागले!

"उचक्या लागल्यात का यांना?" आईने विचारलं.

"फ्रेम रेट!" मी गरजले. "फिल्ममध्ये सेकंदाला चोवीस चित्रं असतात, प्रोजेक्टर दाखवतो साठ. दोन्हींचं जमत नाही, मग तो काही चित्रं दोनदा दाखवतो, काही तीनदा. थांब!"

मेनूत 'मोशन स्मूदिंग' सापडलं. मी ते पार शेवटपर्यंत वाढवलं. आता प्रोजेक्टर मधली चित्रं स्वतःच्या मनाने बनवू लागला आणि अख्खं वऱ्हाड तेल सांडलेल्या फरशीवरून चालल्यासारखं सरकू लागलं. करवलीने हात हलवला की हाताला आठ-नऊ बोटं!

"अरे वाह बेन! अंकल तो एकदम लाइव्ह आ रहे हैं!" हसमुखभाईंनी टाळ्या वाजवल्या.

आई मात्र परक्यासारखी बघत होती. "हे कोण?"

"अगं, बाबा!"

"छे. ते असे तरंगत नव्हते."

मी घाईने उठले, अंधारात टीपॉयवर अंगठा आपटला (टीपॉय सुखरूप आहे), तशीच लंगडत जाऊन स्मूदिंग बंद केलं आणि चोवीसचा मोड लावला. बँडवाले शहाण्यासारखे चालू लागले. करवलीची बोटं पाचावर आली. फक्त बाबा अजून दर दुसऱ्या पावलाला उडत होते!

"एकटे बाबाच कसे अडकतायत?" मी पुन्हा मेनू उघडला.

"फाइल करप्ट असेल," नितीन चिवडा खात म्हणाला.

"बंद करके चालू करो ना," हसमुखभाई.

तेही केलं. ती दहा पावलं मी सात वेळा मागे नेऊन पाहिली. दर वेळी बाबांच्या तोंडावर मेनू.

"बाजूला घे तो मेनू!" आई शेवटी ओरडली. "काही बिघडलेलं नाही! कोल्हापुरी चावत होती त्यांना!"

"काय?"

"तुझ्या मामाने दिलेली, नवीकोरी. त्याला वाईट वाटेल म्हणून काढेनात. आणि मला वाटलं, नवरा लंगडाच आहे!"

"मग गं?"

"मग काय? म्हटलं, असू दे. आपण हळू चालू."

मी मेनू मिटला. भिंतीवर शालूतली आई खरंच बाबांच्या पावलाकडे बघत, थांबून थांबून चालत होती. मला रडू आवरेना.

"पुढेही दर चप्पल अर्धा नंबर लहानच आणायचे," आई डोळे पुसत हसली, "आणि महिनाभर असेच चालायचे. आठवलं बघ!"

मी तिच्यासाठी पाणी आणायला उठले. सुजलेला अंगठा, त्यामुळे एक पाऊल टेकत, एक उडवत.

"अगं, अश्शीच!" आई मागून किंचाळली. "अगदी हेच!"

मग तिला चष्मा हवा झाला. मग वाटी. मग चमचा. चमच्याच्या फेरीला माझ्या लक्षात आलं की आता प्रोजेक्टरची कुणालाच गरज उरलेली नाही.

आठ दिवसांनी अंगठा बरा झाला. मी सरळ चालत चहा घेऊन आले. आईने माझ्या पायांकडे पाहिलं आणि हिरमुसून विचारलं, "एवढ्यात?"